इटालियन भोजनगृहातील पंगत

वसंतातील व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनी ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत पुष्कळ काही ऐकलेले असते. त्यांच्यापुढे 'महागड्या इटालियन भोजनगृहात जेवावे कसे' असा विषय घेऊन उभे राहण्यास थोडे धाडस लागते. विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका स्नेह्यांनी विचारलेच, "अहो, कंदी पेढ्यांच्या गावात ह्याचा उपयोग काय?" मी त्यांस म्हटले, साताऱ्यात नसेल, परंतु साताऱ्याची मुले आता साताऱ्यात असतात कोठे? ती पुण्यास, मुंबईस, बंगळुरास असतात. चांगले मिळवतात, आणि आईबाप चार दिवस राहावयास गेले की मोठ्या मायेने म्हणतात, "आज बाहेर जेवू या." मग ज्या गृहस्थाने पन्नास वर्षे पंगतीत वाढप्यांवर हुकमत गाजवली, तो मंद उजेडाच्या एका दालनात, मांडीवर रुमाल पसरून, हातातील पदार्थपत्रिका कोर्टाचे समन्स धरावे तशी धरून बसतो. त्या गृहस्थासाठी, आणि त्याच्या शेजारी त्याहून अधिक अवघडून बसलेल्या त्याच्या पत्नीसाठी, हे विवेचन आहे.

मी स्वतः त्या खुर्चीवर बसलेलो आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलीने आम्हां उभयतांस मुंबईतील अशा एका ठिकाणी नेले. त्या ठिकाणाचे नाव मी सांगत नाही. दोष त्यांचा किती आणि आमचा किती, हे ठरवणे कठीण आहे. मी 'रिसोत्तो' मागवला, कारण त्याच्या खाली तांदूळ हा एकच शब्द ओळखीचा दिसला. घास घेतला तो शिताच्या पोटात कण लागला. "भात कच्चा आहे," असे मी वाढप्यास जरा ठसक्यातच सांगितले. तो बिचारा "हो साहेब" म्हणून ताट घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी त्याच भाताची पेज करून घेऊन आला. मुलगी खाली मान घालून बसली होती.

हे झाले हसण्यासारखे. दुसरी गोष्ट तशी नाही. आमची सौ. जन्माची शाकाहारी. तिने शेवटी 'पान्ना कोत्ता' नावाचा पांढराशुभ्र गोड पदार्थ घेतला. दूध, साय, साखर एवढे पत्रिकेत लिहिले होते. मग विचारावयाचे काय? घरी आल्यावर मुलीच्या एका मैत्रिणीच्या बोलण्यातून सहज कळले की तो पदार्थ थिजतो जिलेटिनने, आणि जिलेटिन काढतात जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून. सौ. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एकादशी नव्हती, तरी ती जेवली नाही. मी तिला म्हटले, "तू त्या मुलाला विचारले का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही भात परत पाठवलात तेव्हा तो कसा पाहत होता! पुन्हा काही विचारायची मला लाज वाटली."

ह्या लाजेपायी मी ह्या विषयाच्या नादी लागलो. त्यानंतर जे वाचले, जे विचारून घेतले, त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की त्या दालनात आपण अडाणी ठरण्याचे काही कारण नाही. तेथील निम्म्याहून अधिक पदार्थ आपल्या माजघराला ठाऊक आहेत. फक्त त्यांची नावे आपणांस ठाऊक नसतात. आणि जे ठाऊक नाही ते विचारण्यासाठीच तो वाढपी तेथे उभा असतो.

इटलीशी आपली ओळख भोजनगृहातून झाली असे मात्र नव्हे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी तो देश पायांखाली घालून आल्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेथील मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघडी उभारली. साताऱ्याच्या श्रोत्यांस पलटणीची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे दिसत नाही, म्हणून हे सांगितले. उलट बाजूने इटालियन लोक आपल्याकडे आले ते मिठाईवाले म्हणून. केकच्या ज्या 'मॉन्जिनीज' दुकानाची पाटी आता तालुक्याच्या गावीही दिसते, ते नाव मुंबईच्या कोट भागात विसाव्या शतकाच्या आरंभी दुकान चालवणाऱ्या मॉन्जिनी नावाच्या इटालियन बंधूंचे. वाढदिवसाच्या केकवर इतकी वर्षे आपण एक इटालियन आडनाव वाचीत आलो आहोत! पुण्यात १९८९ साली 'लिटल इटली' हे संपूर्ण शाकाहारी इटालियन भोजनगृह निघाले व त्याच्या शाखा पुढे इतर शहरांत झाल्या. पंचतारांकित हॉटेलांतून स्वतंत्र इटालियन दालने आली. मुंबईच्या ओबेरॉयमधील दालनास 'व्हेत्रो', म्हणजे काच, असे नाव दिलेले आहे. आणि डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीस भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत इटलीचे स्वयंपाकघर दाखल झाले, त्याच बैठकीत आपली दीपावलीही दाखल झाली. फराळाचे ताट आणि पास्त्याचे ताट असे एकाच सभेत शेजारी मांडले गेले.

आता पत्रिका उघडू. तिच्याकडे पाहून जो पहिला गोंधळ होतो तो पदार्थांचा नव्हे, क्रमाचा होतो. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात, पोळी, गोड हे सर्व एका वेळी मांडलेले असते आणि जेवणारा आपल्या मर्जीने कोठूनही कोठेही जातो. इटालियन जेवण म्हणजे हेच ताट उलगडून एकामागून एक वाढलेले. आधी 'अन्तिपास्ती', म्हणजे जेवणापूर्वीचे तोंडीलावणे: भाजलेली वांगी-मिरच्या, ऑलिव्ह, चीज, पावाच्या भाजलेल्या कापेवर टोमॅटो. मग 'प्रीमी', म्हणजे पहिले अन्न. ह्यात पास्ता, रिसोत्तो, सूप. मग 'सेकोन्दी', दुसरे अन्न. हे बहुधा मांस किंवा मासे. त्यासोबत 'कोन्तोर्नी', म्हणजे भाज्या. शेवटी 'दोल्ची', गोड. पिझ्झा हा ह्या परंपरागत क्रमात कोठेच बसत नाही. तो नेपल्सच्या रस्त्यावरचा, एकट्यानेच पोट भरणारा गडी आहे.

एवढे कळले की निम्मी भीती जाते. शाकाहारी माणसाने 'सेकोन्दी'चे पान सरळ उलटावे आणि अन्तिपास्ती, एक पहिले अन्न व गोड एवढ्यावर जेवण आटोपावे. त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. पदार्थ वाटून खावयाचे असतील तर आधीच सांगावे, रिकाम्या बशा आणून देतात. आरंभी पाव आणि ऑलिव्हचे तेल येते. त्यावर तुटून पडू नये, कारण पोट तेथेच भरते. परंतु तेल चाखून जरूर पाहावे. उत्तम तेलाची आम्लता शेकडा ०.८ च्या वर नसावी असा दंडक आहे, आणि ते जिभेला किंचित कडू, घशाला किंचित तिखट लागते. लाकडी घाण्याच्या करडई-शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेल्या माणसाला तेलाची परीक्षा कोणी शिकवावयास नको.

आता पास्ता. येथे मला थोडे सावकाश चालावयाचे आहे, कारण आपल्या जिल्ह्यांचा आणि ह्या पदार्थाचा संबंध मला वाटला होता त्याहून फार जवळचा निघाला.

गहू म्हणून आपण जो एक शब्द वापरतो त्यात निरनिराळी धान्ये दडलेली आहेत. पोळीचा नेहमीचा गहू म्हणजे सरबती वगैरे. शास्त्रज्ञ त्याच्या पेशीत ४२ गुणसूत्रे मोजतात. बन्सी गहू वेगळा. तो कठीण, काचेसारखा, पिवळसर, आणि त्याची गुणसूत्रे २८. जगात ह्यालाच ड्युरम म्हणतात, आणि पास्ता होतो तो ह्याच्याच रव्याचा. इटलीने तर १९६७ साली कायदाच केला की देशात तयार होणारा वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाचाच असला पाहिजे. तिसरा आपला खपली. मळणीत त्याचे टरफल सुटत नाही, ते वेगळे कांडून काढावे लागते, म्हणून तो खपली. त्याचीही गुणसूत्रे २८, आणि शास्त्रज्ञांच्या मते ड्युरम गहू निपजला तो ह्याच्याच घराण्यात. म्हणजे सांगली-साताऱ्याकडे, कोल्हापूर-बेळगावाकडे खिरीसाठी ज्याची पोती जपून ठेवतात, तो खपली म्हणजे पास्त्याच्या गव्हाचा पूर्वज होय! इटलीत त्याला 'फार्रो' म्हणतात. टस्कनीतील गार्फान्याना नावाच्या डोंगरी मुलखात तो अजून पिकतो आणि युरोपात त्याला भौगोलिक नावाचे संरक्षण आहे. पत्रिकेत 'फार्रो सॅलड' असे दिसले आणि त्यापुढील आकडा वाचून घशाला कोरड पडली, तर समजावे की हे आपल्याच शिवारातले उकडलेले खपली गहू आहेत. ते मागवावेत की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मी मागवीत नाही.

पुण्याची आघारकर संशोधन संस्था, १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ह्या नावाने सुरू झालेली, ह्या दोन्ही गव्हांवर दीर्घकाळ काम करीत आली आहे. तिने काढलेल्या 'एमएसीएस ४०२८' ह्या ड्युरम वाणात शेकडा १४.७ इतके प्रथिन आहे, आणि तो कोरडवाहू जमिनीतही येतो. हे आकडे केवळ कौतुकासाठी देत नाही. पास्त्याची सारी करामत ह्या प्रथिनात आहे. ड्युरमच्या रव्यात पाणी घालून तो रगडला की त्यातील प्रथिनाचे एक चिवट जाळे तयार होते. पिठूळ अंश ह्या जाळ्यात अडकून बसतो. पास्ता उकळत्या पाण्यात पडला म्हणजे तो अंश फुगतो, परंतु जाळे मजबूत असल्यामुळे बाहेर पडत नाही. म्हणून शेवई मोकळी राहते, लगदा होत नाही. शिजवताना एका क्षणी तिच्या गाभ्यात केसाएवढा कठीणपणा उरलेला असतो, आणि तेव्हाच ती उतरवतात. ह्या अवस्थेला 'अल देन्ते' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'दाताला लागेल असा'. आणखी दोन मिनिटे ठेवली की जाळे सैल होते आणि पीठ बाहेर येऊन सगळे चिकट होते. तेव्हा पास्ता दाताला लागला म्हणजे कच्चा राहिला असे नव्हे. शंभर ग्रॅम पास्त्यास एक लिटर पाणी आणि सुमारे दहा ग्रॅम मीठ असे तिकडचे घरगुती प्रमाण आहे. ते पाणी सगळे ओतून देत नाहीत. त्यातील पळीभर रश्श्यात घालतात, त्यातल्या पिठाने तेल आणि पाणी एकजीव होते. भाताची पेज न टाकणाऱ्या आपल्या आजीला हे ऐकून समाधान वाटले असते.

आणि आजीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. चैत्र-वैशाखात आपल्याकडे शेवया होत असत, त्या आठवा. गहू ओलवून दडपून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी दळून रवा आणि सपीठ वेगळे करायचे, पीठ घट्ट भिजवून कुटून कुटून लवचीक करायचे, मग पाटावर बसून हातांनी तार काढायची आणि ती काठीवर वाळत घालायची. पुढे हाताने फिरवण्याचे यंत्र आले. इटलीतही ह्याच पायऱ्या. तेथे पीठ साच्यातून काढतात, आणि साचा काशाचा असला तर शेवईचे अंग खरखरीत होते व त्याला रस्सा धरून राहतो. उत्तम भोजनगृहे अशा साच्याचा पास्ता वापरल्याचे पत्रिकेत आवर्जून लिहितात. त्यांच्याकडे पास्त्याचे आकार शेकड्यांनी आहेत म्हणून आपण आश्चर्य करतो. परंतु रुखवतात मांडलेले गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे हे दुसरे काय होते? नखाने दाबले ते नखुले, बोटाला गुंडाळले ते बोटवे. त्यांनीही अशीच नावे ठेवली: 'ओरेक्येत्ते' म्हणजे छोटे कान, 'लिंग्विने' म्हणजे छोट्या जिभा, 'फार्फाल्ले' म्हणजे फुलपाखरे. 'वर्मिचेल्ली'चा अर्थ मात्र जेवताना सांगू नये. तो 'छोटे किडे' असा आहे. फरक एवढाच की आपण ह्या आकारांना दुधा-साखरेत नेले आणि त्यांनी मीठ-तेलात नेले. तसे मिठातही आपण नेलेच आहे. आमच्याकडे संध्याकाळी उरलेल्या कणकेच्या चकोल्या आमटीत सोडतात, आणि ज्या घरात चकोल्या होतात त्या घरात त्या दिवशी भांडण होत नाही. इटलीच्या शेतकऱ्याच्या घरी घेवड्याच्या दाण्यांबरोबर पास्त्याचे तुकडे शिजवतात, तो चकोल्यांचा सख्खा भाऊ आहे. तोच आता चांदीच्या चमच्यासह येतो.

ही गोष्ट केवळ पास्त्यापुरती नाही. तेथे ऐटीत वाढले जाणारे पुष्कळसे पदार्थ गरिबांच्या चुलीवर जन्मले. 'रिबोल्लिता' हे शिळ्या पावाचे आणि पालेभाजीचे सूप आहे. आपण शिळ्या भाकरीचा काला करतो त्यातला प्रकार. 'पोलेन्ता' म्हणजे मक्याच्या भरड्याचे घट्ट उकड. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत उत्तर इटलीतील गरीब शेतमजूर वर्षाचे बारा महिने हेच खात, आणि त्यामुळे त्यांस पेलाग्रा नावाचा भयंकर रोग जडत असे. कातडी फाटे, माणसे भ्रमिष्ट होत. मक्यातले एक जीवनसत्त्व शरीराला मिळत नाही, हे कारण फार उशिरा कळले. ज्या ताटाने एका काळी माणसे मारली त्याच ताटावर आता कोथिंबिरीसारखी दोन पाने ठेवून ते मोठ्या अदबीने समोर येते. अन्नाला जात नसते. ते कोणाच्या दारात उभे आहे ह्यावर त्याची किंमत ठरते.

आता माझ्या भाताकडे वळतो. इटलीच्या पो नदीच्या मैदानात भात पिकतो, व्हेर्चेल्ली आणि नोव्हारा भागांत विशेष. 'आर्बोरिओ' आणि 'कार्नारोली' ही तांदळाची प्रसिद्ध वाणे. दाणा जाड, पोटाला पांढरा. रिसोत्तोसाठी तो धूत नाहीत, कारण वरचे पीठच हवे असते. कांदा लोण्यावर परतून त्यात कोरडा तांदूळ भाजतात आणि मग उकळता रस्सा पळीपळीने घालीत, हलवीत, सोळा ते अठरा मिनिटे शिजवतात. दाणे एकमेकांवर घासले जाऊन वरचे पीठ सुटते, त्याने सगळे सायीसारखे होते. आतला कण मात्र राखतात. शेवटी लोणी आणि चीज घालतात. मिलान शहरात त्यात केशरही घालतात. हा पदार्थ चांगल्या ठिकाणी मागवल्यावर तासलेला वेळ लागतो. वीस-पंचवीस मिनिटांच्या आत आला तर तो आधी अर्धवट शिजवून ठेवलेला असावा असे समजावे. मी परत पाठवला होता तो बरोबर शिजलेला होता. आंबेमोहराच्या गुरगुट्या भातावर वाढलेल्या जिभेने एका आचाऱ्याचा त्या दिवशी अन्याय केला. आपणांस मऊच हवा असेल तर मागवतानाच तसे सांगावे, कोणी नाही म्हणत नाही. पण एकदा तरी त्यांच्या पद्धतीने खाऊन पाहावा.

ह्यापुढचा भाग शाकाहारी श्रोत्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा. इटालियन पत्रिकेत मांस नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, असा हिशेब चालत नाही. पहिली गोष्ट चीजची. पार्मेझान म्हणून जे किसून घालतात, त्याचे खरे नाव पार्मिज्यानो रेज्जानो. त्याचा एक गोल गडडा सुमारे चाळीस किलोचा असतो, त्याला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागते आणि निदान बारा महिने तो मुरवतात. ह्या चीजच्या नियमांत असे ठरलेले आहे की दूध विरजावयाचे ते वासराच्या जठरातील रेनेटने. पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचे. त्याला कोकराचे रेनेट. म्हणजे अस्सल पार्मेझान हे शाकाहारी असूच शकत नाही. तुळशीच्या कुळातल्या बेझिलच्या पानांचा 'पेस्टो' हिरवागार दिसतो, पण त्यात परंपरेने हेच चीज असते. भारतात बनणाऱ्या चीजमध्ये बहुधा सूक्ष्म जीवांपासून काढलेले रेनेट वापरतात, त्यामुळे देशी मोझरेल्लाबद्दल चिंता कमी. मूळ मोझरेल्ला म्हशीच्या दुधाचा, नेपल्सच्या परिसरातला; म्हशीचे कौतुक करणारा आपल्याखेरीज आणखी एक मुलूख जगात आहे हे ऐकून बरे वाटते.

दुसरी गोष्ट रश्श्याची. रिसोत्तो आणि सूप ह्यांत घातलेला रस्सा कोंबडीचा किंवा बैलाच्या हाडांचा असू शकतो, वर भाज्याच दिसत असल्या तरी. टोमॅटोच्या काही रश्श्यांत अँचोव्ही नावाची खारवलेली बारीक मासळी विरघळवलेली असते. तिसरी गोष्ट अंड्याची. वाळवलेला पास्ता बहुधा रवा आणि पाणी एवढ्याचाच असतो. पण 'ताजा पास्ता' असे लिहिलेले असेल तर तो बोलोन्याकडील पद्धतीने मऊ पिठात अंडी घालून केलेला असण्याचा फार संभव. 'ताजा' हा शब्द आपल्याला सोवळा वाटतो, म्हणून मुद्दाम सांगितले. चौथी गोष्ट गोडाची. तिरामिसूमध्ये अंडे असते, पुष्कळदा मद्यही. पान्ना कोत्तात जिलेटिन. काही आचारी जिलेटिनच्या जागी समुद्री शेवाळाचे 'चायना ग्रास' वापरतात, आणि मग तो निर्वेध होतो. परंतु हे विचारल्यावाचून कळत नाही. फळांचा रस, साखर आणि पाणी गोठवून केलेले 'सोर्बेत्तो' बहुधा निर्धोक.

तेव्हा प्रश्न चारच: चीज कोणते, रस्सा कशाचा, पास्त्यात अंडे आहे का, आणि गोड कशाने थिजवले आहे. हे मराठीत विचारले तरी चालते. वाढप्यास ठाऊक नसेल तर त्याने आत जाऊन आचाऱ्यास विचारून यावे, ही त्याच्या कामाची रीतच आहे. एखादा कपाळाला आठी घालीलही. पण खाणाऱ्याच्या व्रतापुढे वाढणाऱ्याच्या आठीची मातब्बरी ती काय?

काट्या-चमच्यांचा लोक उगाच बाऊ करतात. शेवया सुरीने कापू नयेत. काट्याच्या टोकांत तीनचार तारा धराव्या, बशीच्या कडेला टेकवून फिरवाव्या आणि गुंडी झाली की तोंडात घालावी. प्रथम एकदोन तारा लोंबतात. इटलीतल्या मुलांच्याही लोंबतात. जेवण झाले की काटा व सुरी एकमेकांस समांतर ठेवावी, म्हणजे ताट उचलतात. बशीतला उरलेला रस्सा पावाने पुसून खाण्याला तिकडे 'स्कार्पेत्ता', म्हणजे 'छोटा जोडा', असे लाडके नाव आहे. घरी सर्व करतात, मोठ्या भोजनगृहात जरा आडपडद्याने करतात. मी उघड करतो. पिझ्झा हाताने खाल्ला तरी कोणी हसत नाही. नेपल्सच्या पिझ्झा थापण्याच्या कलेचा युनेस्कोने २०१७ साली गौरव केला, आणि ती कला हातांचीच आहे.

द्राक्षमद्य घेतलेच पाहिजे असे नाही. आपल्या सांगली जिल्ह्यात पलूसला त्यासाठी औद्योगिक वसाहत झाली खरी, पण तासगावच्या द्राक्षांचा बेदाणा खाऊन सुखी असलेल्या माणसाने "नको" एवढेच म्हणावे. "पाणी कोणते?" असे विचारतील, "साधे" म्हणावे, नाहीतर परदेशी बाटलीचे पैसे बिलात दिसतात. जेवणानंतर इटालियन माणूस दुधाळ कॉफी घेत नाही, ती त्याची सकाळची. पण ही त्याची रीत. आपल्याला दुधाची प्यावीशी वाटली तर अवश्य प्यावी.

बिल आले की ते वाचावे. मुलगा देणार असला तरी वाचावे. साध्या भोजनगृहात वस्तू व सेवा कर शेकडा ५ असतो. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर आहे तेथील भोजनगृहात शेकडा १८. ह्याखेरीज 'सेवा शुल्क' म्हणून एक ओळ असते. तो कर नव्हे. ते आपोआप बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. वाढप्याने चांगले वाढले असेल तर त्याच्या हातावर आपण होऊन काही ठेवावे. बिलातली ओळ काढावयास सांगण्यात संकोच नको.

गेल्या वर्षी मुलीची बदली पुण्यास झाली आणि तिने पुन्हा आग्रह केला. सौ. आधी नको म्हणाली, मग एका कागदावर चार प्रश्न लिहून घेऊन आली. वाढपी पोरगेला होता. दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला आणि आत गेला. थोड्या वेळाने पांढऱ्या टोपीचा आचारीच बाहेर आला. तो गढवालकडचा निघाला. त्याने हिंदीत नीट सांगितले: रस्सा भाज्यांचा आहे, पार्मेझान तुमच्यासाठी घालणार नाही, ताजा पास्ता घेऊ नका, वाळलेला घ्या, पान्ना कोत्ता घेऊ नका, लिंबाचे सोर्बेत्तो घ्या. सौ.ने त्याला विचारले, पास्ता कोणत्या गव्हाचा? तो हसला, आत जाऊन खोका घेऊन आला आणि त्यावरचे अक्षर तिला दाखवले. "म्हणजे बन्सीच," ती म्हणाली, आणि मग शेवया कशा वाळवतात ह्याविषयी त्यांचे जे बोलणे सुरू झाले त्यात आम्हां दोघांना जागाच उरली नाही. मी रिसोत्तो मागवला. शिताच्या पोटात कण होता. उरलेला अर्धा पाव सौ.ने कागदात बांधून घेतला. तो दुसऱ्या दिवशी एस.टी.त शेंगदाण्याच्या चटणीबरोबर कात्रजचा बोगदा येण्याआधीच संपला.